रायगडच्या कारखान्यांतील नट-बोल्टना वाली कोण?

५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याजवळच्या महाराष्ट्र गॅस क्रॅकर संकुलात इथेन आणि प्रोपेन वायूंची गळती झाली. पाठोपाठ उसळलेल्या स्फोटात आणि आगीत ३० हून अधिक जणांचे प्राण गेले. इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन या तेव्हाच्या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचे हे संकुल होते. योगायोग असा की, त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये लॉर्ड कलन यांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटावर ६ जुलै १९८८ च्या रात्री १६७ जण मृत्युमुखी पडले होते. त्या दुर्घटनेचा तो अहवाल. दोन्ही घटनांची कारणे सारखी होती, असे नव्हे. परंतु कलन यांनी शेकडो पाने खर्चून ज्या ठिकाणाचा माग काढला ते ठिकाण रायगड जिल्ह्यातील प्रत्येक कारखान्यात हजारोंच्या संख्येने आहे. पाइपच्या तोंडावर बसवलेली एक पोलादी चकती आणि तिला धरून ठेवणारे बोल्ट, एवढेच ते ठिकाण.

पायपर अल्फावर त्या दिवशी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह देखभालीसाठी काढण्यात आला होता. काम दिवसपाळीत पुरे झाले नाही म्हणून पाइपचे उघडे तोंड ब्लाइंड फ्लँजने, म्हणजे भोक नसलेल्या चकतीने, तात्पुरते झाकण्यात आले. रात्रपाळीत दुसरा पंप बंद पडला. पहिल्या पंपाचा व्हॉल्व्ह जागेवर नाही, हे सांगणारा कामाचा परवाना रात्रपाळीच्या हाती आलाच नव्हता. पंप सुरू झाला. ती चकती दाब सोसेल इतकी घट्ट बसवलेली नव्हती आणि तिच्या कडेने द्रवरूप वायू बाहेर आला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पुढचे सारे काही मिनिटांत घडले. कलन यांनी १०६ शिफारशी केल्या आणि जगभरातील कामाच्या परवान्याची पद्धत त्यानंतर बदलली. बोल्ट आवळणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र तितकीशी बदलली नाही.

रायगडच्या किनारपट्टीला हा विषय परका नाही. मुंबई हायचे तेल आणि वायू उरणला किनाऱ्याला लागतात. थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना आहे, उसरला गेलचा प्रकल्प आहे, नागोठण्याचे संकुल २००७ पासून रिलायन्सकडे आहे, धरमतरच्या खाडीकाठी डोलवीला पोलाद वितळते. पाताळगंगा, तळोजा, रोहे आणि महाडच्या औद्योगिक वसाहती वेगळ्याच. मुंबईकर अलिबागला जाताना या चिमण्या दुरून पाहतो आणि वडखळच्या कोंडीला शिव्या देत पुढे जातो. त्या चिमण्यांखाली किती पाइप एकमेकांना जोडलेले आहेत, याची त्याला कल्पना नसते. त्याच्या घरातील गॅस, शेतकऱ्याचा युरिया, प्लॅस्टिकच्या पिशवीचा दाणा हे सारे अशाच जोडांतून वाहत आलेले असते.

जोड लागतोच कशाला, सगळे पाइप वेल्डिंग करून एकसंध का करत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर साधे आहे. वेल्ड केलेली वस्तू उघडता येत नाही. पंप दुरुस्त करायचा, व्हॉल्व्ह बदलायचा, उष्णता-विनिमयकाच्या नळ्या साफ करायच्या, तर कारखाना कुठेतरी उघडता आला पाहिजे. म्हणून दोन पाइपांच्या टोकांना रुंद कड्या, म्हणजे फ्लँज, बसवतात, मध्ये गॅस्केट ठेवतात आणि चहूबाजूंनी बोल्ट आवळतात. उघडण्यासाठी मुद्दाम ठेवलेली ही जागा आपोआप उघडण्याचीही जागा असते. अडचण नेमकी येथे आहे.

बोल्ट म्हणजे खिळ्यासारखी एक ताठ वस्तू, असा सर्वसाधारण समज असतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने बोल्ट ही एक अतिशय ताठर स्प्रिंग आहे. नट फिरवला की बोल्ट ताणला जातो आणि मूळ लांबीकडे परतण्याच्या त्याच्या ओढीने दोन्ही फ्लँज एकमेकींवर दाबल्या जातात. वीस मिलिमीटर व्यासाचा उच्च ताकदीचा एक बोल्ट नीट आवळला तर तो सुमारे १० ते ११ टनांची ओढ धरून ठेवतो. एवढी ओढ निर्माण व्हायला शंभर मिलिमीटर लांबीचा बोल्ट ताणला जातो तो फक्त ०.२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कागदाच्या दोन पानांच्या जाडीइतका. यातून एक गोष्ट उघड होते. नटाखाली रंगाचा जाड थर राहिला, गॅस्केट काळाबरोबर किंचित दबली, गंजाची पापडी चुरली आणि अर्ध्या पानाइतकी जागा सैल झाली, तरी एक चतुर्थांश ओढ नाहीशी होते. बाहेरून बघणाऱ्याला काहीही दिसत नाही. नट जागेवर असतो, बोल्ट जागेवर असतो, रंगही शाबूत असतो.

गाडीचे चाक बदलताना नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळायचे, हे रस्त्यावरच्या गॅरेजमधील पोऱ्यालाही ठाऊक असते. फ्लँजचेही तसेच आहे. फरक एवढाच की चाकाला चार-पाच नट असतात आणि मोठ्या फ्लँजला वीस, चोवीस, कधी त्याहून अधिक. एक बोल्ट आवळला की शेजारचा सैल पडतो. त्यामुळे ठरलेल्या ताकदीच्या सुमारे ३० टक्क्यांवर समोरासमोरच्या जोड्यांनी एक फेरी, मग ६०-७० टक्क्यांवर दुसरी, मग पूर्ण ताकदीने तिसरी आणि शेवटी एकही नट हलेनासा होईपर्यंत गोलाकार फेऱ्या, असा क्रम आहे. काही तासांनी पुन्हा एकदा पाना लावून पाहावा, कारण गॅस्केट तेवढ्या वेळात बसते. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनीअर्स या संस्थेने २००० मध्ये पीसीसी-१ ही मार्गदर्शिका केवळ यासाठी प्रसिद्ध केली आणि २०१० च्या आवृत्तीत जोड आवळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे स्वतंत्र परिशिष्ट जोडले. नट फिरवण्यासाठी परिशिष्ट कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी चोवीस बोल्टांची फ्लँज मचाणावर उकिडवे बसून, एप्रिलच्या उन्हात, तीन फेऱ्यांत आवळून पाहावी.

त्यातही एक गोम आहे. पान्यावर जेवढा जोर लावला जातो त्यातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. उरलेला सारा नटाच्या बुडाशी आणि आट्यांमध्ये घर्षणात खर्च होतो. आटे कोरडे, तेल लावलेले, गंजलेले की लेप दिलेले, यानुसार हे घर्षण बदलते. त्यामुळे टॉर्क पान्यावर एकच आकडा ठेवून दोन फिटरांनी आवळलेल्या दोन बोल्टांतील ओढ एकमेकांपेक्षा बरीच वेगळी असू शकते. समुद्राकाठच्या कारखान्यांत गंज टाळण्यासाठी निळ्या-हिरव्या रंगाचा टेफ्लॉनचा लेप दिलेले बोल्ट वापरतात. लेप गुळगुळीत असतो, घर्षण कमी होते. साध्या बोल्टसाठी ठरवलेला आकडा तसाच ठेवला तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो, गॅस्केट चिरडते. गंजावरचा उपाय गळतीचे कारण बनतो तो असा. बोल्ट बदलला की आकडा बदलायला हवा; पण बोल्ट खरेदी विभाग बदलतो आणि आकडा देखभाल विभागाच्या जुन्या तक्त्यात असतो.

येथे वेल्डिंगशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. बाष्पक आणि वाफेच्या पाइपांवर काम करणाऱ्या वेल्डरला भारतीय बाष्पक विनियमांनुसार परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ठराविक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते. १९२३ च्या बाष्पक कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली, तरी वेल्डरच्या पात्रतेचे तत्त्व कायम आहे. त्याने केलेल्या महत्त्वाच्या जोडाची क्ष-किरणाने तपासणी होते, फिल्म फाइलमध्ये जाते, वेल्डरचा क्रमांक नकाशावर नोंदवला जातो. वीस वर्षांनी तो जोड फुटला तरी कुणी केला होता ते सांगता येते. त्याच पाइपवर दोन हातांवर असलेला बोल्टचा जोड मात्र कोणीही आवळतो. आयटीआयमधून दोन वर्षांचा फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला तरुण असेल तर उत्तम. नसल्यास त्याच्या हाताखालचा हेल्पर. पान्याच्या दांड्यात पाइप घालून किंवा पान्यावर घणाचे घाव घालून नट ‘पुरेसा’ घट्ट झाला, हे ठरवण्याचे साधन म्हणजे त्या माणसाचा खांदा.

आता खाऱ्या वाऱ्याकडे वळले पाहिजे, कारण पुस्तकातला बोल्ट आणि रायगडचा बोल्ट यांत तो मोठा फरक पाडतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने हवेत क्षार असतात. दोन फ्लँजच्या मधल्या फटीत पाणी साचते, वाळते, मीठ मागे ठेवते, पुन्हा साचते. बोल्टचा डोके आणि नट हा दिसणारा भाग रंगाने झाकलेला असतो. झिजतो तो मधला, न दिसणारा. गरम पाइपावर उष्णतारोधक वेष्टण आणि वर पत्रा असेल तर तोही दिसत नाही. मग गंजू नये म्हणून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट वापरावा, असे कोणालाही सुचेल. पण मिठातील क्लोराइड, उष्णता आणि बोल्टमधील कायमचा ताण हे तिघे एकत्र आले की नेहमीच्या जातीच्या स्टेनलेस स्टीलला तडे जातात आणि ते गंजासारखी आगाऊ सूचना देत नाहीत. किनाऱ्यावर कोणता बोल्ट वापरायचा, हा प्रश्न म्हणूनच किलोच्या दराने सोडवण्याचा नाही. प्रत्यक्षात नट-बोल्ट किलोवरच घेतले जातात.

नट-बोल्टचा गंज मराठी वाचकाच्या चर्चेत आला तो कारखान्यामुळे नव्हे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले होते. पुतळ्याचे नट-बोल्ट समुद्राच्या वाऱ्याने आणि पावसाने गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने कोसळण्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला नौदलाला पत्राने कळवले होते, हे नंतर पुढे आले. पुतळा केवळ बोल्टमुळे पडला, असे कोणी म्हणणार नाही. सांगाड्याची रचना आणि वेल्डिंग यांवरही बोट ठेवले गेले. लक्षात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. दोष दिसला होता, तो लिहिला गेला होता, पत्र योग्य पत्त्यावर गेले होते. पाना घेऊन वर चढणे हे नेमके कोणाचे काम, एवढेच ठरलेले नव्हते. राजकोटपासून रायगडच्या कारखान्यांपर्यंत वारा तोच आहे आणि पत्रव्यवहाराची रीतही फारशी निराळी नाही.

देशात याच जातीच्या जोडाने घेतलेला मोठा बळी जयपूरचा. २९ ऑक्टोबर २००९ रोजी सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या साठवण केंद्रात पेट्रोल पाठवण्याची तयारी सुरू होती. टाकीच्या पाइपवर हॅमर ब्लाइंड नावाचा व्हॉल्व्ह होता. हातोड्याने पाचर ठोकून झाकण उघडायचे, आतली चकती फिरवायची, पुन्हा झाकण बसवायचे, अशी त्याची रचना. झाकण उघडे असताना टाकीचा व्हॉल्व्हही उघडा राहिला आणि पेट्रोलचा फवारा उडाला. काम करणारे वाफेने बेशुद्ध पडले आणि तासाहून अधिक काळ कोणीही गळती थांबवू शकले नाही. ११ जण मृत्युमुखी पडले. आग अनेक दिवस जळत राहिली. एम. बी. लाल समितीने चालकांच्या चुका दाखवल्या, पण तेवढ्यावर न थांबता, काम करताना थेट हवेत उघडणारा असा जोड असावाच का, असा रचनेचा प्रश्न विचारला आणि हॅमर ब्लाइंड काढून टाकायला सांगितले. ही दृष्टी महत्त्वाची आहे. माणूस चुकणार हे गृहीत धरून जोडांची संख्या कमी करणे, जेथे उघडण्याची गरज नाही तेथे वेल्ड करणे, जेथे जोड हवाच तेथे पाना फिरायला आणि माणूस उभा राहायला जागा ठेवणे, ही सुरक्षितता नकाशाच्या टेबलावरच मिळते. नंतर ती विकत घेता येत नाही.

रायगडमधील बहुतेक कारखाने पंचवीस ते चाळीस वर्षांचे झाले आहेत. नकाशे तेव्हाचे आहेत, त्यामुळे भार देखभालीवर पडतो आणि देखभाल म्हणजे शटडाऊन. ठराविक काळाने संपूर्ण प्रकल्प किंवा त्याचा एक विभाग थांबवून दोन-चार आठवड्यांत शेकडो जोड उघडले आणि पुन्हा बंद केले जातात. बंद असलेल्या प्रकल्पाचा प्रत्येक दिवस कंपनीला कोट्यवधींना पडतो. या काळात कारखान्यात नेहमीच्या कामगारांपेक्षा कंत्राटी माणसे अधिक दिसतात; ती उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंडमधून येतात, काम संपले की पुढच्या शटडाऊनला जातात. कंत्राट सहसा एकूण कामाचे असते. लवकर संपवणाऱ्या कंत्राटदाराला दंड होत नाही, उशीर करणाऱ्याला होतो. तिसरी फेरी आवळली की नाही, जुनेच बोल्ट पुन्हा बसवले की नवे, वाकडी आलेली फ्लँज सरळ न करता बोल्टच्याच जोराने ओढून बसवली का, या प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक असतात तो माणूस गळती होते त्या दिवशी शेकडो किलोमीटर दूर असतो. गळती होते तेव्हा जवळ असतात ते पाळीतले चालक, अग्निशमन दलाचे जवान आणि कुंपणापलीकडचे गाव. उरणच्या प्रकल्पात ३ सप्टेंबर २०१९ रोजी पावसाळी पाण्याच्या गटारवाहिनीत लागलेल्या आगीत चौघांचा बळी गेला. त्यांत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या अग्निशमन विभागाचे तीन जवान होते. ती आग बोल्टच्या जोडामुळे लागली असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. पाइपातून सुटलेल्या पदार्थाला प्रथम कोण सामोरे जाते, एवढेच त्यावरून कळते.

कायदा काय म्हणतो? भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले, १९८९ मध्ये घातक रसायनांविषयीचे नियम आले आणि कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकण्यात आली. दाबपात्रांची सहा महिन्यांतून एकदा बाहेरून आणि वर्षातून एकदा आतून सक्षम व्यक्तीकडून तपासणी व्हावी, हा दंडक महाराष्ट्रात जुना आहे. त्यावर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची देखरेख असते. तेल आणि वायू क्षेत्रासाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आपली मानके काढते. कागद कमी नाहीत. मात्र या तपासणीचा रोख पात्रावर असतो: जाडी किती उरली, सुरक्षा व्हॉल्व्ह उडतो की नाही. पात्र तपासून झाल्यावर त्याचे झाकण कोणी, कोणत्या क्रमाने आणि किती ताकदीने बंद केले, हे प्रमाणपत्रात येत नाही. तपासणीसाठी जोड उघडावा लागतो आणि तपासणी करणारा निघून गेल्यावर तो बंद केला जातो, ही या व्यवस्थेतील विसंगती कोणाच्या नजरेत फारशी भरलेली दिसत नाही.

काही मोठ्या प्रकल्पांनी स्वतःहून वेगळी वाट धरली आहे. प्रत्येक जोडाला क्रमांक, त्यावर टांगलेली पट्टी, पट्टीवर आवळणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही, किती ताकद लावली त्याचा आकडा, अशी नोंदवही ठेवली जाते. मोठ्या व्यासाच्या फ्लँजवर घणाऐवजी तेलदाबावर चालणारी ताण देणारी यंत्रे लावली जातात. ती नट फिरवत नाहीत, बोल्ट सरळ ओढतात, त्यामुळे घर्षणाचा घोळ राहत नाही. अशी यंत्रे भाड्याने मिळतात. महाग आहेत, पण बंद पडलेल्या प्रकल्पाच्या एका दिवसापेक्षा स्वस्त. अडचण छोट्या कारखान्यांची आहे. औद्योगिक वसाहतीतील तीस-चाळीस कामगारांच्या रसायन कारखान्याला ना स्वतंत्र देखभाल अभियंता परवडतो, ना नोंदवही ठेवणारा कारकून. दाब कमी असला तरी तेथील विद्रावक पेट घेणारे असतात. मोठ्यांनी स्वखुशीने केलेली सुधारणा या कारखान्यांपर्यंत आपोआप झिरपेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

१९४८ चा कारखाने अधिनियम आता इतिहासजमा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदाही तिच्यातच विलीन झाला. सुरक्षेची मानके जाहीर करण्याचा अधिकार या संहितेने केंद्र सरकारला दिला आहे आणि राज्यांना आपले नियम करण्याची मुभा आहे. वेल्डरच्या परीक्षेसाठी वापरला जाणारा साचा तयार आहे: नमुना जोड, परीक्षक, मुदतीचे प्रमाणपत्र, कामावर नोंदला जाणारा क्रमांक. ज्वालाग्राही आणि विषारी पदार्थांच्या पाइपांवरील जोड आवळणाऱ्या फिटरला तोच साचा लावायचा तर नवी संस्था उभारावी लागत नाही. पेण, पनवेल किंवा अलिबागच्या आयटीआयमध्ये चार फ्लँज, एक टॉर्क पाना आणि शिकवणारा माणूस पुरतो. परराज्यातून येणाऱ्या कामगाराला शटडाऊनच्या फाटकावर सुरक्षेची चित्रफीत दाखवण्यात जो अर्धा दिवस जातो, त्याच अर्ध्या दिवसात त्याच्याकडून एक नमुना जोड आवळून घेता येईल. ज्याचा जोड पाण्याच्या दाबाखाली गळेल त्याला पाण्याच्या पाइपांवर पाठवावे, वायूच्या नाही.

कंत्राटाच्या मसुद्यात एक ओळ वाढवावी लागेल ती पैशांची: आवळण्याच्या तिन्ही फेऱ्या आणि नंतरची फेरतपासणी यांचा दर वेगळा दाखवणारी. ज्या कामाचा दर वेगळा लिहिलेला नसतो ते काम शटडाऊनच्या शेवटच्या तीन दिवसांत प्रथम गळते, हे कोणत्याही कारखान्याच्या देखभाल विभागाला पुरते ठाऊक आहे.